आरटीटीवाय स्पर्धा: पहिल्या प्रयत्नात ६१ संपर्क, त्यांतले ९ बाद. चूक नेमकी कुठे झाली?

कुडाळकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

सप्टेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होणाऱ्या सीक्यू वर्ल्ड वाइड आरटीटीवाय स्पर्धेत (हौशी रेडिओवरून टेलिप्रिंटरची अक्षरे पाठवून जास्तीत जास्त स्थानकांशी संपर्क करण्याची स्पर्धा) मी गेल्या वर्षी पहिल्यांदाच उतरलो. त्याआधी वर्षभर मी एफटी८ या दुसऱ्या डिजिटल संदेशपद्धतीवर काम करत होतो. रेडिओ, लॅपटॉप आणि दोघांना जोडणारी यूएसबी केबल घरात होतीच, त्यामुळे सॉफ्टवेअर बदलले की आरटीटीवायही जमून जाईल अशी माझी समजूत होती. ती समजूत पहिल्या तासाभरातच मोडली. तरीही त्या दोन दिवसांनी जो आनंद दिला तो वर्षभरात मिळाला नव्हता, हे आधी सांगायला हवे. स्पीकरमधून येणारा दोन सुरांचा किलबिलाट, त्याच्याबरोबर पडद्यावर एकेक करून उमटणारी अक्षरे आणि त्या अक्षरांत अचानक दिसलेली आपली कॉलसाइन (स्थानकाचे सांकेतिक नाव), हा अनुभव मी विसरणार नाही.

माझी व्यवस्था साधी आहे. अंगणातल्या माडाला दोरी बांधून २० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही अँटेना आणि त्याच्या खाली १५ मीटरचा डायपोल लावलेला आहे. रेडिओ १०० वॅटचा आहे, पण मी ५० वॅटच ठेवले होते. ध्वनिमार्गाने, म्हणजे एएफएसके पद्धतीने, लॅपटॉपचे सूर रेडिओत जातात. दोन दिवसांत ६१ संपर्क झाले: बहुतेक युरोप आणि जपान, काही रशिया, चार अमेरिका.

लॉग तपासणीचा अहवाल गेल्या आठवड्यात आला आणि त्यात नऊ संपर्क बाद झालेले दिसले. चार ठिकाणी मी झोन (जगाच्या विभागणीतला क्रमांक, जो प्रत्येक संपर्कात पाठवायचा असतो) चुकीचा नोंदवला आहे, तीन ठिकाणी कॉलसाइन चुकली आहे आणि दोन संपर्क समोरच्याच्या लॉगमध्ये नाहीतच. मला याचे फार वाईट वाटले, कारण प्रत्येक वेळी मी पडद्यावर जे दिसले तेच टिपले होते. पडद्यावर स्पष्ट दिसलेले अक्षर चुकीचे कसे असू शकते, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न हाका देण्याविषयीचा आहे. मी स्वतः सीक्यू (कोणीही उत्तर द्यावे अशी हाक) देत होतो तेव्हा पहिल्या दोन-तीन उत्तरांनंतर सगळे गप्प होत, आणि वॉटरफॉलवर (पडद्यावरच्या सिग्नलांच्या पट्ट्यावर) माझ्या आजूबाजूला कोणीतरी हाक मारत असल्याच्या रेषा दिसत, पण अक्षरे जुळत नसत. शेवटी मी तो नाद सोडला आणि दुसऱ्यांनाच शोधून उत्तरे देत बसलो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पूर्ण शनिवार-रविवारी डब्ल्यूपीएक्स आरटीटीवाय आहे. तिच्याआधी या गोष्टी दुरुस्त कराव्यात अशी इच्छा आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

सह्याद्री_शॅक

पहिल्याच वेळी ५० वॅट आणि तारेच्या अँटेनावर ६१ संपर्क म्हणजे काम चांगले झाले आहे, त्यामुळे खचून जाण्याचे कारण नाही. मी पुण्यातून बारा वर्षे या स्पर्धा खेळतो आहे आणि माझ्या पहिल्या लॉगची अवस्था तुमच्यापेक्षा वाईट होती.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर तुमच्या वर्णनातच आहे असे मला वाटते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एएफसी आणि नेट ही दोन्ही बटणे चालू असणार. एएफसी चालू असले की स्वीकारताना डीकोडर समोरच्याच्या सुरांकडे आपोआप सरकतो, आणि नेट चालू असले की तुमचे प्रेषणही त्याच्यामागून सरकते. पहिल्या स्थानकाने तुम्हाला चाळीस हर्ट्झ वरून हाक मारली की तुम्ही चाळीस हर्ट्झ वर गेलात. पुढच्याने तिथून आणखी तीस हर्ट्झ बाजूला हाक मारली की तुम्ही पुन्हा सरकलात. चार संपर्कांत तुम्ही मूळ जागेवरून इतके दूर जाता की तुमची वाट पाहत थांबलेले लोक रिकाम्या जागी हाका मारत राहतात, आणि त्यांच्याच रेषा तुम्हाला आजूबाजूला दिसत होत्या. हाका देत असताना नेट बंद ठेवा. एएफसी चालू ठेवायला हरकत नाही, पण प्रेषणाची जागा हलता कामा नये.

तुम्ही एफटी८ वरून आला आहात, म्हणून आणखी एक गोष्ट तपासा. एफटी८ ला रेडिओ अप्पर साइडबँडवर असतो आणि एएफएसकेने आरटीटीवाय करताना तो लोअर साइडबँडवर ठेवायचा असतो. २१२५ आणि २२९५ हर्ट्झ हे दोन सूर, त्यांच्यातला १७० हर्ट्झचा फरक आणि वेग ४५.४५ बॉड ही स्पर्धांतली रूढ मांडणी आहे. साइडबँड चुकला की मार्क आणि स्पेस या दोन सुरांची अदलाबदल होते आणि दोन्ही बाजूंना निरर्थक अक्षरे दिसतात. अशा वेळी स्वीकार उलटा करणारे बटण दाबून वेळ भागवू नका, कारण तेवढ्याने तुमचे प्रेषण सुलटे होईलच असे नाही. हे सूर इतके उंच का ठेवतात, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. ध्वनी थोडा विकृत झाला तर २१२५ ची दुप्पट, म्हणजे ४२५०, रेडिओच्या गाळणीबाहेर पडते आणि हवेत जात नाही, हे त्याचे कारण. तरीही लॅपटॉपचा आवाज इतकाच ठेवावा की एएलसीचा (प्रेषणाची पातळी आवरणाऱ्या मंडलाचा) काटा जागचा हलणार नाही, आणि स्पीच कॉम्प्रेसर बंद असावा. ५० वॅट ठेवलेत ते योग्यच केलेत. आरटीटीवायमध्ये बटण दाबल्यापासून सोडेपर्यंत पूर्ण शक्तीची लहर सतत जात असते आणि बोलण्यातल्यासारखी मधली विश्रांती रेडिओला मिळत नाही.

आता संदेशांविषयी, आणि इथे मी थोडा आग्रही आहे. एका अक्षराला एक स्टार्ट बिट, पाच माहितीचे बिट आणि दीड स्टॉप बिट असे साडेसात बिट लागतात. प्रत्येक बिट २२ मिलिसेकंदांचा, म्हणजे अक्षरामागे १६५ मिलिसेकंद. जुन्या पद्धतीचा तीनदा सीक्यू, मग डीई, मग तीनदा कॉलसाइन आणि शेवटी पीएसई के (कृपया उत्तर द्या) असा संदेश पंचेचाळीस अक्षरांच्या घरात जातो आणि त्याला सुमारे साडेसात सेकंद लागतात. तेवढ्या वेळात डायल फिरवणारा माणूस पुढे निघून जातो. माझा संदेश एवढाच असतो: सीक्यू, माझी कॉलसाइन, पुन्हा कॉलसाइन, पुन्हा सीक्यू. हा सव्वाचार सेकंदांत संपतो. शेवटी सीक्यू ठेवण्यामागे विचार आहे: तुमचा संदेश अर्धा झाल्यावर जो तिथे पोचतो त्याला फक्त कॉलसाइन दिसली तर तुम्ही हाक देत आहात की कोणाला उत्तर देत आहात हे कळत नाही. शेवटच्या सीक्यूमुळे ते कळते. उत्तराच्या संदेशातही समोरच्याची कॉलसाइन, ५९९ (सिग्नलचा दर्जा), २२ (आपला झोन) आणि पुन्हा २२ एवढेच असू द्या. नमस्कार, शुभेच्छा, यूआर आरएसटी इज, झोन हा शब्द, यांतले काहीही नको. संदेशाची सुरुवात नव्या ओळीने करा आणि शेवट एका रिकाम्या जागेने करा, म्हणजे गोंगाटातून उमटलेली अक्षरे तुमच्या कॉलसाइनला चिकटणार नाहीत.

समोरच्याच्या लॉगमध्ये नसलेल्या दोन संपर्कांबाबत माझा अंदाज असा, की तुम्ही तुमचा झोन पाठवला आणि टीयू (धन्यवाद) येण्याची वाट न पाहता पुढे गेलात. त्याने बहुधा तुम्हाला पुन्हा विचारले असणार किंवा तो मुळात दुसऱ्याच कोणाला उत्तर देत असणार. टीयूच्या सोबत त्याची कॉलसाइन किंवा नवा सीक्यू दिसेपर्यंत थांबावे.

आणि एक विनंती. १४.१०० मेगाहर्ट्झला हात लावू नका. तिथे जगभरची अठरा आंतरराष्ट्रीय बीकन स्थानके दहा-दहा सेकंदांच्या पाळीने तीन मिनिटांचा फेरा पूर्ण करत असतात. स्पर्धेच्या गर्दीत लोक वर सरकत सरकत त्यांच्या डोक्यावर जाऊन बसतात, हे मला अजिबात पटत नाही.

---

तारयंत्र

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मला थोडा हक्क आहे असे मी समजतो, कारण माझी उमेदीची वर्षे तारघरात टेलिप्रिंटरवर गेली. निवृत्तीनंतर परीक्षा देऊन हॅम झालो. १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातली तारसेवा बंद झाली तेव्हा फार वाईट वाटले होते, पण तारेची ती पाच बिटांची भाषा या स्पर्धांत अजून रोज बोलली जाते. आमच्या यंत्रांचा वेग ५० बॉड होता आणि इथला ४५.४५ आहे, एवढाच काय तो फरक.

आपण म्हणता की पडद्यावर स्पष्ट दिसलेले अक्षर चुकीचे कसे असेल. त्यासाठी कागदी फीत डोळ्यांसमोर आणावी. फितीवर प्रत्येक अक्षरासाठी पाच जागा असतात आणि त्यांतल्या काही ठिकाणी भोक पडते, काही ठिकाणी नाही. पाच जागांत बत्तीसच जुळण्या होतात. त्यांत सव्वीस इंग्रजी अक्षरे, दहा आकडे आणि विरामचिन्हे बसत नाहीत, म्हणून प्रत्येक जुळणीला दोन अर्थ दिले आहेत: एक अक्षरांचा आणि एक आकड्यांचा. कोणता अर्थ घ्यायचा हे आधी आलेली लेटर्स किंवा फिगर्स ही खूण ठरवते. लेटर्स म्हणजे पाचही भोके. फिगर्स म्हणजे मधले, तिसरे भोक सोडून बाकी चार. या दोन खुणांत केवळ एका भोकाचा फरक आहे. विजेचा एक कडाका त्या २२ मिलिसेकंदांवर पडला की फिगर्सची खूण लेटर्स होऊन बसते आणि पुढचे सगळे आकडे अक्षरे म्हणून छापले जातात.

टंकयंत्राच्या वरच्या ओळीत क्यू म्हणजे १, डब्ल्यू म्हणजे २, ई म्हणजे ३, आर ४, टी ५, वाय ६, यू ७, आय ८, ओ ९ आणि पी ०. हे पाठ करून ठेवावे. पडद्यावर टीओओ आले तर ते ५९९ आहे. आपला भारताचा झोन २२ जर कोणाला डब्ल्यूडब्ल्यू असा दिसला तर जाणकार माणूस न विचारता तो २२ म्हणून लिहितो. क्यूआर दिसले तर १४, डब्ल्यूटी दिसले तर जपानचा २५. ही चूक उघड दिसते, म्हणून ती धोक्याची नाही.

धोक्याची चूक वेगळी असते. १ या आकड्याला पहिले, दुसरे, तिसरे आणि पाचवे भोक असते. ७ ला पहिले, दुसरे आणि तिसरे. पाचवे भोक हरवले की १ चा ७ झाला, आणि तो ७ अगदी स्वच्छ, ठसठशीत दिसतो. ७ मधले पहिले भोक हरवले की ८ होतो. ५ ला फक्त पाचवे भोक आहे. त्याला गोंगाटाने चौथे जोडले की ९ झाला. ८ आणि ० यांच्यातही एकाच भोकाचे अंतर आहे. या संकेतात चूक ओळखण्याची कोणतीही सोय नाही. एफटी८ मध्ये संदेशाबरोबर पडताळणीचे जादा बिट जातात आणि हिशेब जुळला नाही तर आपल्याला संदेश दाखवलाच जात नाही. टेलिप्रिंटर मात्र जे आले ते छापतो. बरोबर की चूक हे कागद वाचणाऱ्या माणसाने ठरवायचे असते.

माझी आपल्याला विनंती आहे की ते नऊ संपर्क काढून प्रत्येकात नेमका कोणता आकडा किंवा अक्षर बदलले ते इथे लिहावे.

---

कुडाळकर

काका, आपले उत्तर वाचून मी लगेच अहवाल पुन्हा उघडला आणि थक्क झालो. आशियाई रशियातल्या एका स्थानकाचा झोन मी १८ लिहिला आहे आणि तो खरा १७ होता. एका जपानी कॉलसाइनमध्ये १ च्या जागी मी ७ लिहिला आहे. दुसऱ्या एका कॉलसाइनमध्ये शेवटच्या ओ ऐवजी टी घेतला आहे. ओ म्हणजे चौथे आणि पाचवे भोक, टी म्हणजे नुसते पाचवे, असे मी आता संकेताच्या तक्त्यात पाहिले. हे तिन्ही संपर्क शनिवारी संध्याकाळचे आहेत, आणि त्या वेळी परतीचा पाऊस सुरू होऊन विजा चमकत होत्या. थोड्याच वेळाने मी अँटेना काढून ठेवली होती.

उरलेल्या तीन झोनपैकी एक माझ्या टायपिंगची चूक आहे. पण दोन अमेरिकन स्थानकांचे झोन मी ३ लिहिले आहेत आणि ते ५ होते. ३ आणि ५ यांच्यात एकाहून अधिक भोकांचा फरक आहे. मग हे कसे झाले?

शिवाय एक लहान शंका. काही स्थानके ५९९, २२ आणि २२ यांच्यामध्ये जागा सोडण्याऐवजी आडवी रेघ टाकतात. त्याने वेळ वाचतो असे ऐकले आहे. तसे करावे का?

---

हडसनकाठी

मी मूळचा मालवणचा आणि आता न्यू जर्सीत राहतो. अमेरिकन झोनच्या चुकीचे उत्तर मी देतो, कारण माझ्या ओळखीच्या एका स्थानकामुळे दरवर्षी कितीतरी लोक याच चुकीत सापडतात. लॉगिंग सॉफ्टवेअर कॉलसाइनवरून झोनचा अंदाज बांधते आणि रकाना आधीच भरून ठेवते. कॉलसाइनमध्ये ६ असेल तर ते स्थानक कॅलिफोर्नियातले समजून ३ लिहिते. पण इथे माणूस एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर राहायला गेला तरी जुनी कॉलसाइन ठेवू शकतो. माझे हे स्नेही ६ हा आकडा असलेली कॉलसाइन घेऊन न्यू जर्सीत राहतात आणि ०५ एनजे असे पाठवतात. तुम्ही पडद्याकडे न पाहता भरलेला रकाना तसाच स्वीकारला असणार. अमेरिकन स्थानक झोनबरोबर आपले राज्यही पाठवते, त्यामुळे पडताळा तिथल्या तिथे होतो: राज्य पूर्व किनाऱ्याचे असेल तर झोन ३ असूच शकत नाही. तुमच्यासाठी प्रत्येक राज्य प्रत्येक बँडवर वेगळा मल्टिप्लायर (गुणांना गुणणारा घटक) आहे, म्हणून राज्याकडे नीट लक्ष देणे फायद्याचेही आहे.

आता दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाच्या बाजूने थोडे सांगतो. भारतातली फार थोडी स्थानके आरटीटीवाय स्पर्धांत दिसतात, आणि आमच्यासाठी व्हीयू (भारतीय कॉलसाइनची सुरुवात) म्हणजे एकाच संपर्कात देशाचा आणि बावीसाव्या झोनचा असे दोन मल्टिप्लायर. तुम्ही दिसलात की इथे लोक हातातले काम टाकून तुम्हाला हाक मारतात. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसहा ते नऊ, म्हणजे आमच्याकडे सप्टेंबरात सकाळी नऊ ते साडेअकरा, या वेळात युरोपवरून येणाऱ्या वाटेने १५ मीटरवर, आणि सूर्यावरचे डाग भरात असतील तर १० मीटरवरही, भारत ऐकू येतो. ही खिडकी काही दिवशी पाऊण तासाचीच असते. नेमक्या त्या वेळी भारतीय स्थानके युरोपच्या जोरदार गर्दीत दुसऱ्यांना शोधत फिरत असतात, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. त्या वेळी एक रिकामी जागा धरून शांतपणे सीक्यू देत राहावे. अमेरिका शोधायला तुम्हाला जावे लागणार नाही.

एक कळकळीची सूचना. तुमचा झोन नीट आला नाही म्हणून मी फक्त प्रश्नचिन्हासह झोन विचारतो, तेव्हा कृपया २२ २२ २२ एवढेच पाठवा. पुष्कळ जण अशा वेळी पूर्ण संदेश पुन्हा पाठवतात आणि त्यात हवा असलेला आकडा एकदाच येतो, तोही शेवटी, सिग्नल बुडत असताना. यासाठी एक वेगळा मॅक्रो (एका कळीने जाणारा तयार संदेश) आधीच करून ठेवावा.

---

तारयंत्र

आडव्या रेघेविषयी सांगतो. आकड्यांच्या बाजूला रेघ म्हणजे अक्षरांच्या बाजूचा ए. रेघ हे आकड्यांच्याच कुळातले चिन्ह असल्याने एकदा फिगर्स पाठवले की ५९९ पासून शेवटच्या २२ पर्यंत पुन्हा खूण पाठवावी लागत नाही. जागा सोडली तर मात्र, अनशिफ्ट ऑन स्पेस ही सोय चालू असताना, प्रत्येक जागेनंतर यंत्र आपोआप अक्षरांकडे परत येते आणि फिगर्स पुन्हा पाठवावे लागते. हिशेब केला तर रेघेने दोन अक्षरे वाचतात, म्हणजे एक तृतीयांश सेकंद.

पण ती एक फिगर्सची खूण विजेत हरवली तर समोरच्याला टीओओएडब्ल्यूडब्ल्यूएडब्ल्यूडब्ल्यू अशी एकसंध माळ दिसते आणि ती सोडवायला त्याला वेळ लागतो. जागा सोडली असेल तर पहिला गट बिघडला तरी दुसऱ्या गटाआधी नवी खूण जाते आणि निदान एक २२ शुद्ध उमटतो. शिवाय हल्ली लोक आलेल्या शब्दावर माउसने टिचकी मारून तो लॉगमध्ये घेतात. जागा असल्याशिवाय सॉफ्टवेअरला शब्द कुठे संपला हे कळत नाही. मी जागा सोडण्याच्या बाजूचा आहे.

विजांचा कडकडाट असेल तेव्हा एका ओळीवर विश्वास ठेवू नये, हे आम्हाला तारघरात पहिल्या आठवड्यात शिकवले होते. तारेत रक्कम किंवा तारीख असली की ती शेवटी पुन्हा पाठवली जाई आणि दोन्ही जुळल्याशिवाय तार वाटपाला जात नसे. एक्स्चेंज (झोन किंवा अनुक्रमांक) दोनदा पाठवतात ते याच कारणाने. पहिला १७ आणि दुसरा १८ आला तर कोणता खरा याचा अंदाज बांधत बसू नका. विचारा. त्यात कमीपणा नाही, आणि चार सेकंदांत काम होते.

---

सह्याद्री_शॅक

काकांच्या म्हणण्याला हल्लीच्या साधनांची जोड देता येते. एन१एमएम लॉगर प्लसमध्ये एकाच वेळी दोन-तीन डीकोडर उघडता येतात. मी मुख्य खिडकीत एमएमटीटीवाय आणि शेजारी २टोन ठेवतो. दोघांची गाळण्याची पद्धत वेगळी असल्याने गोंगाटात दोघे सहसा एकच चूक करत नाहीत. दोन्ही खिडक्यांत तेच उमटले तर निश्चिंतपणे नोंद करावी, वेगळे उमटले तर पुन्हा विचारावे. फक्त यानंतर, गेल्या वर्षीच्या लॉगांतल्या कॉलसाइनची यादी पाहून मनातल्या मनात दुरुस्ती करू नये. यादीत नसलेला नवा माणूस खरोखर हवेत असू शकतो. तुम्ही स्वतः गेल्या वर्षी त्या यादीत नव्हता.

डब्ल्यूपीएक्सविषयी वेगळे सांगावे लागेल, कारण तिथे झोन नसतो, अनुक्रमांक असतो. प्रत्येक संपर्काला नवा आकडा, आणि आधीच भरून ठेवता येईल असे काहीही नाही, त्यामुळे काकांचा तक्ता तिथे अधिक उपयोगी पडेल. मल्टिप्लायर हे कॉलसाइनच्या सुरुवातीच्या भागाचे असतात आणि ते बँडागणिक पुन्हा मोजले जात नाहीत, पूर्ण स्पर्धेत एकदाच. ४० आणि ८० मीटरवर गुण दुप्पट मिळतात: दुसऱ्या खंडाशी वरच्या बँडवर तीन, तर खाली सहा. म्हणून फेब्रुवारीपर्यंत ४० मीटरची एक तार उभी करता आली तर जरूर करा. तेव्हा पाऊस नसतो, खालचे बँड स्वच्छ असतात आणि स्पर्धा आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. त्या क्षणी युरोपात मध्यरात्र असते आणि ४० मीटर तिकडे उघडे असते. मग सूर्य वर आला की २० आणि १५ मीटरवर जपान आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा, दुपारपासून युरोप. एकट्याने खेळणाऱ्याला ४८ पैकी ३० तासच बसता येते आणि विश्रांती किमान एक तासाची असावी लागते, म्हणून जेवणाची आणि झोपेची वेळ बँड मंद असताना घ्या, पहाटे नको. परवान्यात आपल्याला कोणते उत्सर्जन-प्रकार आणि किती शक्ती दिली आहे ते मात्र नवा बँड घेण्यापूर्वी वाचून घ्यावे.

---

कुडाळकर

सर्वांचे मनापासून आभार. नेट बंद केले आहे, साइडबँड तपासला आहे (तो सुदैवाने बरोबर होता) आणि संदेश नव्याने लिहिले आहेत. जुना सीक्यू संदेश मोजला तर सत्तेचाळीस अक्षरे निघाली. ४० मीटरच्या तारेसाठी शेजारच्या आजोबांनी त्यांच्या आंब्याला दोरी बांधायची परवानगी दिली आहे. मोहोर झडणार नाही अशा बेताने ती बांधायची एवढीच त्यांची अट आहे.

आता सराव हवा आहे. स्पर्धेच्या आधी कोणी माझ्याशी नुसते अनुक्रमांक देण्या-घेण्याचा सराव करू शकेल का?

---

तारयंत्र

मी करीन. रविवारी सकाळी सात वाजता ७०४२ किलोहर्ट्झवर ऐकत राहीन, जागा मोकळी नसेल तर दोन किलोहर्ट्झ खाली. आपण ००१ पासून ०५० पर्यंत अनुक्रमांक पाठवावेत, प्रत्येक दोनदा. मी ते हाताने वहीत उतरवीन, नंतर मी पाठवीन आणि आपण उतरवावे. दोन्ही वह्यांची छायाचित्रे इथे लावू, म्हणजे कोणते भोक कुठे हरवते ते सर्वांना दिसेल. आपल्याला जमत असेल तर ऑक्टोबरातल्या जपानच्या जार्ट्स स्पर्धेचाही विचार करावा. तिथे अनुक्रमांकाऐवजी प्रत्येकाने आपले वय पाठवायचे असते. गेल्या खेपेला मी दोन दिवस सगळ्यांना ७३ पाठवत होतो. आपल्या सांकेतिक भाषेत ७३ म्हणजे शुभेच्छा, त्यामुळे पुष्कळांना मी वय सांगायचे विसरलो असे वाटले आणि त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले. मी प्रत्येकाला तेच आनंदाने पुन्हा पाठवले.